कच्ची टीप

मास्तरांना माणूस आधी इंचांत दिसायचा, मग माणूस म्हणून. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत छाती बेचाळीस, कंबर अडतीस, डावा खांदा पाव इंच खाली, असा अंदाज त्यांच्या डोक्यात बांधून झालेला असायचा. टेप गळ्यात असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. "माप घेता ना, मास्तर?" असं कुणी अवघडून विचारलं की ते टेप काढायचे, आणि टेप निमूटपणे त्यांच्या डोळ्यांना दुजोरा द्यायचा. या गोष्टीचा त्यांना गर्व होता. थोडाथोडका नाही, चांगला ठसठशीत होता. पुढे जे झालं त्यात या गर्वाचा हात आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकलेला बरा.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मागे पडदा, पडद्याआड संसाराच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं मोठं टेबल आणि मशीन मास्तरांचं, खिडकीपाशची खुर्ची त्यांच्या बायकोची. सगळी गिऱ्हाइकं तिला काकू म्हणायची. मास्तर कापायचे, शिवायचे; काज, बटणं, हूक, कडेची दुमड, म्हणजे हातसुईचं जेवढं काम तेवढं काकूंचं. आणि सुईबरोबर काकूंचं तोंडही चालायचं. कोट घालून एखादे साहेब आरशासमोर उभे राहिले की खिडकीतून शेरा यायचा, "पोटाला अर्धा इंच जास्त द्या हो. साहेबांना जेवण आवडतं, दिसत नाही का तुम्हाला?" साहेबही हसायचे. मास्तरांनाही सूट नव्हती. "इथे टाका लांब आलाय. लक्ष कुठे होतं?" मास्तर गुरगुरायचे, "तू तुझी बटणं बघ." एकतीस वर्षं हा संवाद रोज होत होता. त्याला भांडण म्हणायचं की संसार, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नव्हता.

मास्तरांच्या कामाच्या दोन रीती होत्या. कुठलाही नवा कपडा आधी कच्च्या टिपेवर शिवायचा. कच्ची टीप म्हणजे मशीनचा टाका सगळ्यात लांब करून घातलेली सैल शिवण. अंगावर चढवून बघितलं, काही चुकलं तर दोरा ओढला की सुटते आणि कापडाला इजा होत नाही. सगळं मनासारखं झालं की मग पक्की. आणि दुसरी रीत अशी की शिवणीच्या आतलं जादा कापड, ज्याला शिंपी लोक माया म्हणतात, ते कधी कापून टाकायचं नाही. "माणूस बारीक होतो, जाड होतो," ते म्हणायचे. "कापडाला दोन्ही सोसता आलं पाहिजे." काकूंचे सगळे ड्रेस मास्तरांनीच शिवलेले. त्यासाठी काकूंच्या मापाचा तपकिरी कागदाचा एक खाका टेबलामागे खिळ्याला लटकत असे. दर दोन-चार वर्षांनी तो पाव इंचाने वाढायचा, आणि त्यावर काकू दिवसभर रुसल्याचं नाटक करायच्या.

तर अशा या खिडकीतलं बोलणं आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं.

एकदम बंद पडलं असतं तर मास्तरांच्या लक्षात तरी आलं असतं. ते हळूहळू आटलं. आधी शेरे गेले, मग हसणं. मग काकू सुईत दोरा ओवून नुसत्या बसू लागल्या. एका शर्टाची बटणं लावणं पूर्वी चहाचा कप निवायच्या आत व्हायचं. आता एका बटणावर सकाळ जायची आणि तेही सैल राहायचं. एके दिवशी त्या खुर्चीपर्यंत आल्याच नाहीत. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "बरं नाही का?" "बरं आहे." "डोकं दुखतंय?" "नाही." "मग काय होतंय?" काकूंनी खरंच विचार केला आणि म्हणाल्या, "काहीच होत नाही."

मास्तर शिंपी माणूस. कोट खांद्यात ओढला तर चूक खांद्यात नसते, बगलेच्या कापात असते, हे त्यांना ठाऊक. म्हणून ते चूक शोधत बसले. कुणी गेलं होतं का? नाही. कुणी वाईट बोललं? नाही. आपण काही बोललो? बोलण्याचं खातं तर तिच्याकडेच होतं. गेल्या वर्षाचे दिवस त्यांनी एकेक करून उलटे करून पाहिले, अस्तर काढून पाहिलं म्हणा ना, आणि कुठेही फाटलेलं सापडलं नाही. कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. कारणाशी भांडता येतं.

जेवण सुटत चाललं होतं. "नंतर खाते" हे काकूंचं एकच उत्तर, आणि तो नंतर काही यायचा नाही. मास्तर चहा करायचे, अंडं उकडायचे, भात मऊ शिजवायचे. स्वयंपाकात त्यांचा हात म्हणजे आनंदच होता, पण पूर्वीच्या काकूंनी त्या भातावर निदान तासभर तोंडसुख घेतलं असतं. आता त्या दोन घास गिळायच्या आणि "छान झालाय" म्हणायच्या. त्या "छान झालाय"पेक्षा मास्तरांना शिव्या परवडल्या असत्या. कुणीतरी आपल्याला नावं ठेवावीत म्हणून माणूस इतका तळमळू शकतो हे त्यांना या वयात कळलं.

एका सकाळी काकू आरशासमोर उभ्या दिसल्या. अंगात निळा ड्रेस. कंबरेपाशी दोन्ही बाजूंचं कापड त्यांनी चिमटीत धरलं होतं आणि त्या आरशातल्या बाईकडे ओळख नसल्यासारख्या बघत होत्या. "हा कुणाचा घातलाय मी?" त्या म्हणाल्या, आणि डोळे भरून आले.

मास्तरांना ते बघवलं नाही. इथे कुणी दुसरा असता तर त्याने बायकोला जवळ घेतलं असतं, नाहीतर डॉक्टरकडे नेलं असतं. मास्तरांनी मशीन उघडलं. दुपारी काकू पडल्या असताना निळा ड्रेस उलटा केला, दोन्ही कुशींतून, म्हणजे बाजूच्या शिवणींतून, अर्धा-अर्धा इंच आत घेतला, इस्त्री केली, होता तिथे टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी काकूंनी तो घातला. नेमका बसला. काकू आरशासमोर थांबल्या नाहीत. मास्तरांना वाटलं, जमलं! निदान हे एक दुःख तरी आपण तिच्यापासून लांब ठेवलं.

मग बाकीचे ड्रेसही आत घेतले. दोन महिन्यांनी पुन्हा. आणि पुन्हा. काकू झिजत होत्या आणि मास्तरांचे ड्रेस त्यांच्या पाठोपाठ सरकत होते. त्यांनी एकदाही टेप लावला नाही. डोळ्यांनाच सगळं कळत होतं. इतकं बारीक कळणाऱ्या माणसाला एवढी मोठी गोष्ट कळू नये, याला काय म्हणावं?

मध्यंतरी काकूंची धाकटी बहीण येऊन गेली. ही बाई घरात शिरली की आधी आवाज शिरतो. तिने काकूंना उभं केलं, खालीवर पाहिलं आणि निकाल दिला, "काही झालेलं नाही, ताई तुला. अंगावर कपडा बघ कसा बसलाय! आजारी माणसाचे कपडे लोंबतात. तू नुसती बसून बसून सुस्तावलीयेस. बाहेर हिंड, चार लोकांत मिसळ. मन रमवायचं असतं, आपोआप नाही रमत." काकूंनी मान हलवली. जाताना बहीण पडद्यापाशी दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही फार लाडावून ठेवलंय हिला." मास्तर कात्रीला तेल घालत बसले. खरं म्हणजे तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे आपण दुपारी चोरून काय करतो तेही सांगावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाईंकडेही गेले होते. त्यांनी काकूंना काट्यावर उभं केलं आणि विचारलं, "पूर्वी किती वजन होतं?" दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्या घरात माणसं इंचांत मोजली जायची, किलोत कधी कुणी मोजलं नव्हतं. "बरं, कपडे सैल व्हायला लागलेत का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "आहेत तसेच बसतात."

"झोप?" "लागते." "जेवण?" "होतं."

मास्तर आपल्या बुटांकडे बघत मूग गिळून बसले. बाहेर बाकावर वीस माणसं खोकत होती. डॉक्टरीणबाईंनी ताकदीचं औषध लिहून दिलं आणि महिन्याने बोलावलं. महिन्याने काकू उठल्या नाहीत, म्हणून जाणं राहिलं.

आणि मग तो मंगळवार. सकाळची अकराची वेळ, समोरच्या किल्लीवाल्याचं कानस घासणं ऐकू येत होतं. मास्तरांनी चहा नेऊन दिला. काकूंनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. अगदी सरळ आवाजात, उद्या दूध कमी घ्या म्हणावं तशा त्या म्हणाल्या, "माझ्यामागे किती करता तुम्ही. मी नसते तर तुमचं काम तरी वेळेवर झालं असतं."

"काहीतरीच काय बोलतेस!" मास्तर म्हणाले आणि पडद्याबाहेर आले. भीती वाटली की ते काम करायचे. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. इस्त्रीसाठी आलेल्या ढिगात निळा ड्रेस होता. तो पुन्हा सैल झाला होता, कालच त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तो उलटा केला, मशीनखाली घातला आणि थांबले. घ्यायला जागाच नव्हती. कुशीची शिवण सरकत सरकत पुढच्या चुणीला येऊन भिडली होती. आत दोन्ही बाजूंना कापडाची जाड घडी साचली होती.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी बायकोच्या कपड्याला टेप लावला. मग खिळ्यावरचा खाका काढला, टेबलावर पसरला, आणि त्यावर तो ड्रेस ठेवला. ड्रेसच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी कागद उघडा राहिला. एवढी बाई नाहीशी झाली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच हाताने, अर्धा-अर्धा इंच करून. आणि जगाला ते दिसू नये याची काळजी त्यांनी स्वतः डोळ्यांत तेल घालून घेतली होती.

मास्तर टेबलावर हात टेकून रडले. गिऱ्हाईक येईल म्हणून दार लोटायचंही त्यांना सुचलं नाही.

नंतर त्यांनी तोंड धुतलं, खाक्याची गुंडाळी केली, ड्रेस उलटाच पिशवीत घातला आणि आत जाऊन म्हणाले, "चल. डॉक्टरकडे जायचंय."

"माझ्यात ताकद नाही हो."

"मी धरतो. पण चल."

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मास्तरांनी आधी खाका पसरला, मग ड्रेस. "तुम्ही पूर्वीचं वजन विचारलं होतंत," ते म्हणाले. "हे घ्या. ही माझी बायको आणि ही आत्ताची. आठ महिन्यांत कंबरेला सात इंच. कपडे सैल होत नव्हते, कारण मी आत घेत होतो. ती खोटं बोलली नाही. मी गप्प बसलो."

डॉक्टरीणबाईंनी ड्रेसची कूस हातात धरून ती जाड घडी दोन बोटांत चाचपली. एवढं बोलकं कागदपत्र त्यांच्या टेबलावर बहुधा कधी आलं नसावं. त्यांनी बाहेरच्या बाईला पुढच्या माणसांना थांबवायला सांगितलं आणि खुर्ची काकूंच्या समोर ओढली. या वेळी प्रश्न निराळे होते. सकाळी जाग किती वाजता येते? पूर्वी आवडायचं असं काय आता नकोसं वाटतं? आणि मग, खोकला आहे का विचारावं तितक्या साधेपणाने, "मरावंसं वाटतं?"

काकूंनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

"मरावंसं नाही वाटत," त्या म्हणाल्या. "नसावंसं वाटतं."

"स्वतःला काही करावं असं?"

"नाही. तेवढं तरी कुठे सुचतं." आणि मग, आठ महिन्यांत एवढं लांब त्या बोलल्या नव्हत्या, "सगळं लांबून ऐकू येतं हो. हे बोलतात ते मला कळतं. यांनी भात केला, वाईट केला, हेही कळतं. पण चव लागून काही म्हणावं, तर ते म्हणणारी बाई सापडतच नाही. मी तिला शोधते. रोज शोधते."

मास्तरांना वाटत होतं की त्या बाईची वाट बघणारे आपण एकटेच. ती तिलाही हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. डिप्रेशन. हा आळस नाही, लाड नाहीत, मनाचा कमकुवतपणा नाही, त्या म्हणाल्या. भूक, झोप, हसू, सगळं गिळणारा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. गोळ्या आहेत, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. या आजाराच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, त्यांच्याकडे बोलायला जायचं. आणि नसावंसं वाटणं वाढलं तर दिवस बघायचा नाही, वेळ बघायची नाही, तडक यायचं.

"पण झालं कशामुळे?" मास्तरांनी विचारलं.

"कारण असतंच असं नाही. शोधायला बसलात तर वर्ष जाईल. तुम्ही आधी जेवायला घाला, भात कसाही होऊ दे."

घरी परतेपर्यंत चार वाजले. मास्तरांना वाटलं काकू सरळ पलंगावर जातील. पण त्या खिडकीपाशच्या खुर्चीत टेकल्या, दम लागला म्हणून असेल. मास्तरांनी पिशवीतून ड्रेस काढला आणि काय करावं ते न कळून टेबलापाशी उभे राहिले.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही आत घेत होता ते. मी काय आज शिवणकाम बघतेय? कूस टोचते की. पहिल्या दिवसापासून टोचत होती."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मग बोलली का नाहीस? डॉक्टरांना तरी सांगायचंस."

"तुम्ही एवढं जपून करत होता," काकू शब्द शोधत शोधत म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला मी अशीच हवी. काही न झालेली. म्हटलं, दुसरं काही जमत नाही आपल्याला, तेवढं तरी करावं. कपड्यात नीट बसावं."

मास्तर तिच्या खुर्चीजवळ आले आणि खाली जमिनीवरच बसले. एकतीस वर्षांत ते त्या बाजूने कधी बसले नव्हते. खालून त्यांना दिसलं की तिचं मनगट किती बारीक झालंय, आणि या वेळी त्यांनी किती इंच ते मोजलं नाही.

"मला तू बोलणारी हवी आहेस," ते म्हणाले. "पण ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सैल तर सैल. लोंबू दे. बघू देत लोकांना."

त्यांनी ड्रेस मांडीवर घेऊन दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. शिवण सरसर सुटली. काकू वरून बघत होत्या. मग त्या थोड्या वाकल्या आणि त्यांनी कापड बोटांनी चाचपलं.

"ही कच्ची टीप आहे."

"हो."

"आणि तिच्या आतली?"

"तीही कच्चीच."

"सगळ्या?" काकूंनी घडी उलगडली. एकीला लागून एक अशा चार शिवणी होत्या, सगळ्या लांब टाक्याच्या, आणि कडेला कापड होतं तेवढं अखंड, कुठेही कात्री न लागलेलं. "घालायचे कपडे कुणी कच्च्या टिपेवर ठेवतं का? आणि एवढं कापड आत ठेवलंत, टोचेल नाही तर काय होईल? कापून का नाही टाकलंत?"

मास्तरांनी याचा कधी विचारच केला नव्हता. हात आपोआप तसे चालले होते. आत्ता केला.

"परत सोडायला लागेल ना," ते म्हणाले. "तू आलीस की."

समोर किल्लीवाल्याची कानस चालू होती. काकूंनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच हनुवटीपर्यंत येऊ दिलं.

"किती दिवस लागतील, कोण जाणे," त्या म्हणाल्या.

"लागू देत. कापड आहे."

मास्तर दुसरी शिवण सोडवायला लागले. दोरा मध्येच तुटला, तसं त्यांनी टोक नखाने उचकटायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं होतं आणि बोटांना काही टोक लागेना. काकूंनी थोडा वेळ ते पाहिलं. मग खिडकीच्या चौकटीवर, जिथे सुया खोचायच्या छोट्या गादीला टोचलेली त्यांची सुई कित्येक महिने तशीच पडून होती, तिकडे त्यांनी हात केला.

"ती सुई इकडे द्या," काकू म्हणाल्या. "तुम्ही कापड ओरबाडाल."

मास्तरांनी सुई दिली.